सोलापुरात हॅम रेडिओ क्लब काढायचाय? आधी माणसं जमवा, सेट शेवटी

हॅम रेडिओ म्हणजे परवाना काढून हौसेने केलेला बिनतारी संपर्क. गड्डा यात्रा उरकून होम मैदान रिकामं झालं की मला एक-दोन फोन हमखास येतात. "काका, आम्ही पोरांनी मिळून चार वॉकीटॉकी ऑनलाइन मागवलेत. गर्दीत लई उपयोग झाला. आता क्लबचं लायसन काढावं म्हणतोय. कुठला फॉर्म भरायचा?"

मी म्हणतो, फॉर्मचं राहू दे, आधी ते सेट बंद कर. कारण या पोरांनी उलट्या टोकापासून सुरुवात केलेली असते. बिनपरवाना सेटवर बोलणं तर गुन्हा आहेच, पण तो नुसता जवळ बाळगणंही १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यापासून गुन्हाच आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ३ नेही रेडिओ उपकरण बाळगायला अधिकारपत्र लागतं असंच म्हटलं आहे. ऑनलाइन दुकानात मिळतं म्हणजे चालतं, हा समज आता तरी सोडा. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीबद्दल ऑनलाइन विक्रेत्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या उगीच नाहीत.

क्लब काढायचा तर क्रम असा: माणसं, संस्था, जागा, अर्ज आणि मग सेट. यातल्या पहिल्या दोन गोष्टींत सगळा जीव आहे, म्हणून त्यांवरच जास्त लिहितो.

पहिली पायरी: परवानाधारक माणसं

क्लबला परवाना मिळतो, पण क्लब काही परीक्षेला बसत नाही. परीक्षा माणसाने द्यायची असते. तिचं नाव एएसओसी, म्हणजे हौशी केंद्रचालकाचं प्रमाणपत्र. ती केंद्रीय दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन व समन्वय) शाखेतर्फे होते आणि प्रत्यक्षात घेतात ती बिनतारी देखरेख केंद्रं. या सगळ्याचा पाया म्हणजे १९७८ चे हौशी सेवा नियम. त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. शिवाय २०२३ च्या कायद्याची काही कलमं २६ जून २०२४ पासून लागू झाली. जुन्या कायद्याखालचे नियम नव्याशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात, त्यामुळे १९७८ चे नियम वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. परीक्षेतही त्यांवर प्रश्न येतातच.

वयाची अट १२ वर्षं. म्हणजे सातवीतली मुलगीसुद्धा बसू शकते, आणि माझा अनुभव असा की नियमांचा भाग मुलं मोठ्यांपेक्षा लवकर पाठ करतात.

श्रेण्या दोन. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला एका तासाचा लेखी पेपर असतो. त्याचे दोन भाग, एक रेडिओचं तंत्र आणि दुसरा नियम. प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के मिळाले की पास. जनरल ग्रेडला पेपर दोन तासांचा, प्रत्येक भागात ५० आणि एकूण ५५ टक्के लागतात. वर मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची लिपी: मिनिटाला ८ शब्द या वेगाने ऐकून लिहायचं आणि त्याच वेगाने पाठवायचं. रिस्ट्रिक्टेडवाल्याची कॉलसाईन (हवेवरचं ओळखनाव) व्हीयू३ ने सुरू होते, जनरलवाल्याची व्हीयू२ ने. एचएफवर (लांब पल्ल्याच्या लघुलहरींवर) रिस्ट्रिक्टेडला ५० वॉटपर्यंत मुभा, जनरलला ४०० वॉट.

मोर्सला लोक घाबरतात. आमच्या पूर्व भागात मागावर काम केलेला माणूस मोर्स पटकन शिकतो, असं माझं अगदी खासगी मत आहे. ज्याच्या कानात आयुष्यभर धोट्याची खटखट बसली आहे, त्याला डिट (ठिपका) आणि डा (रेघ) वेगळे सांगावे लागत नाहीत. ठिपके-रेघा कागदावर मोजत बसू नका, कानाने शिका. रोज वीस मिनिटं, तीन-चार महिने पुरतात.

परीक्षेसाठी सोलापूरकरांना बहुधा बाहेरगावी जावं लागतं. मुंबई आहे, पण माझ्या मते हैदराबाद सोयीचं. गाडीने पाच-सहा तासांचा रस्ता, आणि तिथेच १९८३ पासून राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थाही आहे, अभ्यासाला तिचा उपयोग होतो. पुरेसे उमेदवार जमले तर परीक्षा आपल्या शहरात घ्यावी अशी विनंती देखरेख केंद्राला करता येते. त्यासाठी एखाद्या कॉलेजचा वर्ग आणि प्राचार्यांचं पत्र हाताशी ठेवा.

प्रमाणपत्र आणि परवाना या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हेही इथेच सांगून ठेवतो. परीक्षा पास झालात म्हणजे चालवायला लायक ठरलात. केंद्र चालवायचा परवाना वेगळा अर्ज करून मिळतो. पास झाल्याच्या आनंदात त्याच रात्री पीटीटी (सेटवरचं बोलायचं बटण) दाबणारे मी पाहिलेत.

किती माणसं हवीत? कागदावर एका जबाबदार माणसाने भागतं. माझा सल्ला, निदान तीन परवानाधारक झाल्याशिवाय क्लबच्या अर्जाला हात लावू नका, आणि त्यातला एक तरी जनरल ग्रेडचा असू द्या. याचं कारण सांगतो. शहरातल्या एका कॉलेजात आम्ही मोठ्या हौसेने केंद्र उभं केलं होतं. गच्चीवर डायपोल (तारेचा अँटेना), खाली खोलीत चांगली रिग (रेडिओ सेट), भिंतीवर क्यूएसएल कार्डं (संपर्क झाल्याची पोचकार्डं). परवानाधारक मात्र एकटे एक सर. त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी कोणाला नेमायचं, तर पास झालेलं दुसरं कोणीच नाही. खोलीला कुलूप लागलं ते दोन वर्षं. उघडली तेव्हा को-ॲक्स (अँटेनाची केबल) उंदरांनी खाल्ली होती आणि टेबलाखाली जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले होते. चूक आमचीच होती. आम्ही केंद्र बांधलं, माणसं बांधली नाहीत.

दुसरी पायरी: संस्था

इथे वाट दुभंगते. क्लब शाळेचा, कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा असेल तर काम सोपं. संस्था मान्यताप्राप्त असतेच. प्राचार्यांनी लेटरहेडवर लिहून द्यायचं की अमुक कॉलसाईनधारक आमच्या वतीने अर्ज करतील आणि केंद्र सांभाळतील. संस्थेच्या मान्यतेची प्रत जोडायची. झालं.

नागरिकांचा क्लब असेल तर त्याला कायद्याने अस्तित्व लागतं. व्हॉट्सॲप ग्रुपला परवाना मिळत नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली निदान सात माणसं लागतात. आपल्याकडे ही नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेमार्फत होते आणि तिच्यासोबतच १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंदणीही करावी लागते. कार्यालय सोलापुरातच आहे. आधी नाव मंजूर करून घ्यायचं, ते ऑनलाइन होतं. मग विधानपत्र, नियमावली, सातही जणांच्या सह्या, ओळखपत्रं, संमतीपत्रं, जागामालकाचं ना हरकत पत्र, प्रतिज्ञापत्र. एखादा जाणता वकील हे पटकन करून देतो. त्याच्याकडे आधीच्या क्रीडा मंडळाचा नाहीतर महिला बचत संस्थेचा नमुना तयार असतो. तो जसाच्या तसा घेऊ नका. उद्देशांच्या कलमात हौशी रेडिओचा अभ्यास, प्रशिक्षण, प्रयोग आणि आपत्तीच्या वेळी बिनतारी संपर्काची मदत हे शब्द स्पष्ट हवेत. "सांस्कृतिक कार्यक्रम घेणे, रक्तदान शिबिर भरवणे" एवढंच लिहिलेलं असेल तर दिल्लीतला अधिकारी विचारणारच की तुम्हाला रेडिओ कशाला.

नियमावलीत दोन गोष्टी मुद्दाम घाला. एक, केंद्रप्रमुख हे पद, आणि त्या पदावर परवानाधारकच बसेल ही अट. दुसरी, केंद्रप्रमुखाच्या गैरहजेरीत पर्यायी परवानाधारक कोण, ते ठरवायची पद्धत. अध्यक्ष कोणीही असू द्या, गावातले वजनदार शेठजी असले तरी हरकत नाही, वर्गणी तेच देतात. पण अध्यक्ष आणि केंद्रप्रमुख ही एकच खुर्ची नको.

कार्यकारिणी बदलली की विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हे काम हमखास राहतं. मग पाच-सात वर्षांनी क्लबचा पत्ता बदलायचा असतो तेव्हा कळतं, की धर्मादाय कार्यालयाच्या लेखी आपली कार्यकारिणी अजून पहिलीच आहे आणि तिच्यातले दोघं पुण्याला नोकरीला गेलेत. हिशेब तपासून घेणं दरवर्षीचं, ते चुकवू नका.

आता ठराव. क्लबच्या अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच, आणि तो लोक सगळ्यात ढिसाळ लिहितात. सभेच्या इतिवृत्तात साधारण असा असावा:

"ठराव क्र. … : संस्थेच्या नावे हौशी बिनतारी केंद्राचा परवाना मिळवण्यासाठी अर्ज करण्याचे, केंद्राचा ताबा व नोंदवही सांभाळण्याचे आणि त्या संदर्भात संस्थेच्या वतीने पत्रव्यवहार करण्याचे अधिकार श्री./श्रीमती … (कॉलसाईन …) यांना देण्यात येत आहेत. त्यांच्या अनुपस्थितीत हे अधिकार श्री./श्रीमती … (कॉलसाईन …) यांच्याकडे राहतील. केंद्राची जागा : … सूचक … अनुमोदक … ठराव सर्वानुमते मंजूर."

खाली अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आणि शिक्का. याची खरी प्रत अर्जाला जोडायची. इतिवृत्ताचं पुस्तक जपून ठेवा, सुटी पानं करू नका.

तिसरी पायरी: जागा

परवाना पत्त्यावर मिळतो. म्हणून पत्ता एकच आणि सगळीकडे एकसारखा हवा. आपल्याकडे जुन्या मिळकत पत्रिकेवर "शोलापूर", वीज बिलावर "सोलापूर", आधारवर पेठेचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्रावर नुसता चौक, असा प्रकार असतो. माणसाला कळतं की हे एकच घर आहे, अर्जाच्या पोर्टलला कळत नाही. अर्जाआधी वीज बिल आणि नोंदणीचा पत्ता जुळवून घ्या. जुळे सोलापुरातल्या सोसायट्यांमध्ये गच्ची सामाईक असते, तिथे सोसायटीचा ठराव किंवा ना हरकत पत्र हवं. तोंडी "लावा की, कोण नको म्हणतंय" याला काही अर्थ नाही. चेअरमन बदलला की पहिली तक्रार तुमच्या तारेची.

अँटेनाचं म्हणाल तर ४० मीटरच्या पट्टीच्या (हे नाव तरंगलांबीवरून) डायपोलला साधारण २० मीटर तार लागते, एवढी गच्ची जुन्या वाड्यांना सहसा नसते. तिरकी ताणा, उलटी व्ही करा, सगळं चालतं. उंच मास्ट, म्हणजे खांब, उभारायचा मात्र विचार असेल तर होटगी रस्त्यावरच्या विमानतळाची आठवण ठेवा. विमानांच्या मार्गात येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची को-जनची (वीजनिर्मितीची) चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. जून २०२५ पासून गोव्याचं विमानही सुरू झालं. विमानतळाभोवतीच्या उंचीचे रंगवार नकाशे आहेत. आपली जागा कुठल्या रंगात येते ते पाहा, लागत असेल तर विमानतळ प्राधिकरणाच्या पोर्टलवरून ना हरकत घ्या आणि मगच खड्डा खणा.

अर्थिंगवर पैसे वाचवू नका. मेमधले वळवाचे ढग आले की तार काढून घराबाहेर टाकायची, ही सवय पहिल्या दिवसापासून.

चौथी पायरी: अर्ज

अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करायचा. क्लबचं खातं संस्थेच्या ईमेलने उघडा, कोणाच्या खासगी ईमेलने नको. तो माणूस क्लब सोडून गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. फी ऑनलाइनच भरायची. व्यक्तीला २० वर्षांचा परवाना १००० रुपयांत मिळतो, आजीवन २००० रुपयांत. म्हणजे खर्चाचं कारण सांगून कोणी परवाना टाळत असेल तर त्याला सेटची किंमत विचारा.

सोबत लागतात ते कागद एका फाईलमध्ये आधीच स्कॅन करून ठेवा: नोंदणी प्रमाणपत्र किंवा संस्थेच्या मान्यतेची प्रत, विधानपत्र-नियमावली, ठराव, केंद्रप्रमुखाचा स्वतःचा चालू परवाना आणि प्रमाणपत्र, त्याचं ओळखपत्र, जागेचा पुरावा. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असा हवा. मोबाईलने चादरीवर ठेवून काढलेला फोटो, कडेला आपली जेकार्डची फुलं दिसतायत, असा कागद मी स्वतः एकदा परत आलेला पाहिलाय.

मग थांबायचं. शंका आली तर ती पोर्टलवरच येते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी आत जाऊन पाहा. पडताळणीसाठी पोलिसांकडून फोन आला तर घाबरू नका, टाळूही नका. हॅम म्हणजे काय हे ठाण्यातल्या हवालदाराला शांतपणे समजावून सांगा. मी तर १९७८ च्या नियमांची छापील प्रत आणि माझा परवाना घेऊन जातो. एकदा एका हवालदारसाहेबांनी अर्धा तास बसवून घेतलं, संशय म्हणून नव्हे, त्यांच्या मुलाला शिकवाल का विचारायला.

परवाना हातात आला की आधी नाव, पत्ता, श्रेणी, कॉलसाईन हे अक्षर-अक्षर तपासा. चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला टाका.

आता सेट घ्या

परवान्याची प्रत दाखवून विक्रेत्याकडून घ्या, बिल क्लबच्या नावाचं. परदेशातून मागवायचा तर आयातीची परवानगी डब्ल्यूपीसीकडून आधी, पार्सल नंतर. उलट केलंत तर सेट कस्टममध्ये अडकतो. वापरलेला सेट दुसऱ्या हॅमकडून घेत असाल तर दोघांच्या परवान्याच्या प्रती आणि साध्या कागदावर हस्तांतराची चिठ्ठी ठेवा. सेटवरचा अनुक्रमांक क्लबच्या मालमत्ता नोंदवहीत चढवा. रिपीटर (आलेला संदेश पुढे पाठवणारं यंत्र) बसवायची घाई करू नका, त्याची परवानगी वेगळी.

पट्ट्यांच्या मर्यादा परदेशी पुस्तकातून घेऊ नका. आपल्याकडे ४० मीटरची पट्टी ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, २ मीटरची १४४ ते १४६, आणि ७० सेंटिमीटरची ४३४ ते ४३८. अमेरिकन युट्यूब पाहून १४७ वर गेलेला माणूस आपल्या हद्दीबाहेर असतो.

केंद्र सुरू झाल्यावर

क्लबच्या कॉलसाईनवर बोलणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना हवा, आणि त्याने स्वतःच्या श्रेणीच्या मर्यादेतच राहायचं. क्लब व्हीयू२ चा आहे म्हणून रिस्ट्रिक्टेडवाल्याने ४०० वॉट सोडायचे नाहीत. शिकायला येणारी मुलं ऐकतील, नोंदी लिहितील, पीटीटीला हात लावणार नाहीत. खोलीला कुलूप आणि किल्ली केंद्रप्रमुखाकडे.

कॉलसाईन बोलण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी सांगायची, आणि बोलणं दहा मिनिटांच्या वर गेलं तर दर दहा मिनिटांनी पुन्हा. गाणी लावायची नाहीत, बातम्या द्यायच्या नाहीत, धंद्याचं बोलायचं नाही. "टॉवेलचा माल ट्रान्सपोर्टला लागला का" हेही धंद्याचंच. भाषा साधी. मराठी, तेलुगू, कन्नड, आपल्या गावात सगळं चालतं, पण सांकेतिक भाषा नाही. कॉलेजच्या पोरांच्या खुणेच्या बोलीने ऐकत बसलेला दुसरा हॅम विनाकारण सावध होतो.

नोंदवही बांधीव घ्या. तारीख, वेळ, वारंवारता, पद्धत, समोरची कॉलसाईन, बोलणाऱ्याची सही. वेळ भारतीय की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ते पहिल्या पानावर लिहा. साडेपाच तासांच्या फरकाने अर्ध्या क्यूएसएल कार्डांवर तारीखच चुकते. शेवटच्या नोंदीपासून निदान वर्षभर वही ठेवावीच लागते, मी कधीच टाकत नाही. लोकेटर (नकाशावरच्या चौकटीचा संकेत) विचारला तर सोलापूर एमके७७ मध्ये येतं.

तिसऱ्या माणसाचा निरोप पोचवणं एरवी बंद आहे. नेहमीचा संपर्क तुटलेला असेल आणि प्रशासनाने मदत मागितली, तर गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, करमाळा, मोहोळकडची गावं कशी तुटली ते आठवा. अशा वेळी उपयोगी पडायचं असेल तर पुराच्या दिवशी धावून उपयोग नाही. उन्हाळ्यातच जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला क्लबचं पत्र द्या: किती परवानाधारक, कॉलसाईनी, फोन नंबर, कोणती साधनं, बॅटरीवर किती तास. पोच घेऊन फाईलला लावा. आषाढीला पंढरपुरात किंवा गड्ड्याला कोणी सेवा मागितली तर तीही प्रशासनाच्या लेखी पत्रावर, आणि सेट परवानाधारकाच्याच हातात. स्वयंसेवकाच्या कमरेला हँडी (हातातला सेट) लटकवून फोटो काढला की तोच फोटो पुरावा होतो.

क्लबने जागा बदलली, अगदी शेजारच्या गल्लीत, तरी परवान्यावर पत्ता बदलून घ्यावा लागतो. केंद्रप्रमुख बदलला तरी नवा ठराव करून कळवायचं. कोणाची बदली होण्याची चिन्हं दिसली की मी आता पुढच्या परीक्षेची तारीख बघायला लागतो. गेल्या वेळी केंद्रप्रमुख मॅडमच्या बदलीची ऑर्डर आली तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली मोर्सला तयार होत्या. एकीचा आठ शब्दांचा वेग अजून अडखळतो, पण खोलीची किल्ली आता त्यांच्याकडेच जाणार आहे.